२५२०चा मेसेज: गुणाकार बरोबर, बाकी चूक

‘२५२० ही जगातली एकमेव विचित्र संख्या. १ ते १० पैकी कशानेही तिला नि:शेष भाग जातो. गणिती थक्क झाले. ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०, हे पंचांगाचं रहस्य रामानुजन यांनी उलगडलं.’ व्हॉट्सॲपवर हा मेसेज सारखा फिरतो.

एकमेव? मुळीच नाही. ५०४०, ७५६०, १०,०८०, म्हणजे २५२०च्या कोणत्याही पटीला हेच लागू आहे. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, १ ते १०चा लसावि. ८ साठी तीन २ हवेत, ९ साठी दोन ३, शिवाय एक ५ आणि एक ७. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. ४, ६, १० यांना लागणारे अवयव यातच आले. १ ते १०चा सरळ गुणाकार केला तर ३६,२८,८०० येतात, १४४० पट मोठं उत्तर, कारण तेच अवयव पुन:पुन्हा मोजले जातात.

गणिती थक्क होण्याचा प्रश्नच नाही. लसावि काढायची रीत युक्लिडने इ.स.पू. ३००च्या सुमारास मांडली आहे. पुढेही जाता येतं: ११ने गुणा, २७,७२० येतात, १२ पर्यंतचं काम झालं. १३ने गुणा, ३,६०,३६० आले, १५ पर्यंत झालं. १६ला अडतं, कारण त्याला चार २ लागतात आणि हाताशी तीनच आहेत. दुप्पट केली की ७,२०,७२०.

पंचांगाचं म्हणाल, तर चांद्र महिन्यात तिथी ३० असतात, पण दिवस सरासरी २९.५३. वर्ष भरतं सुमारे ३५४ दिवसांत, म्हणून तर अधिक मास घालावा लागतो. वारांचं चक्र तिथींपासून वेगळंच चालतं, त्यामुळे त्या ७ने गुणायला कारण नाही. जुळणी होते ती ३० × १२ = ३६०मुळे: त्याला १ ते १० पैकी फक्त ७ने भाग जात नाही.

रामानुजन यांचा मात्र २५२०शी खरा संबंध आहे, आणि नेमका तोच मेसेजमध्ये नाही. १९१५च्या शोधनिबंधात त्यांनी ‘हायली कॉम्पोझिट’ संख्यांचा अभ्यास केला: स्वतःपेक्षा लहान प्रत्येक संख्येहून जास्त विभाजक असलेल्या संख्या. विभाजक मोजायचे तर प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा. २५२० = २³ × ३² × ५ × ७, म्हणून ४ × ३ × २ × २ = ४८. तिच्याआधी या यादीत १६८० येते, तिचे ४०च. आणि खरं नवल हे, की यादीत २५२०च्या पुढे येणाऱ्या प्रत्येक संख्येला २५२०ने भाग जातो. तिच्यानंतरच्या एकाही संख्येला हा मान नाही.

रामानुजन यांनी केलेला या संख्यांचा तक्ता ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जातो, विभाजक १०,०८०, सगळं संगणकाविना. त्यात एकच संख्या सुटली: २,९३,३१,८६,२५,६००. तिला २३ने गुणलं की तक्त्यातली ती शेवटची संख्या मिळते.