फरशी पुसण्याचा मान

सिडनीत येऊन दहा-बारा वर्षे झाली, घराचे कर्ज आवाक्यात आले आणि मुलांचे उच्चार आपल्याला दुरुस्त करता येईनासे झाले, की मराठी माणसाला हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरावर आपले असे काही असावे, असे वाटू लागते. यावर हॉटेलात जाऊन राहणे हा सरळ उपाय आहे, आणि सरळ असल्यामुळेच तो आपल्यासारख्यांनी विचारात घेऊ नये. हॉटेलात पैसे मोजले की कोणालाही खोली मिळते. त्यात मान तो कसला? मान हवा असेल तर आपण पेरिशर या सिडनीहून सहा तासांवरच्या बर्फाच्या डोंगरावर स्वतःचे लॉज असलेल्या, आणि ते सभासदांनीच चालवायच्या, एखाद्या स्की क्लबचे सभासद व्हावे. तेथे पैसे मोजल्यावर खोलीच्या आधी झाडू मिळतो, आणि तो कोणालाही मिळत नाही.

पुण्यातल्या नातेवाइकांना ही बातमी सांगताना मात्र ‘आम्ही एक लॉज घेतले’ असे म्हणू नये. त्यांच्या डोळ्यांसमोर एस.टी. स्टँडसमोरचे ‘गरम पाण्याची सोय’ असा फलक लावलेले लॉज उभे राहते. अर्थात गरम पाण्यापुरते त्यांचे चित्र फारसे चुकीचे नसते. आठ खोल्यांत दोन स्नानगृहे असतील, तर शेवटच्या माणसाला पाण्याविषयी तक्रार करायला जागा असतेच.

प्रथम हे समजून घ्यावे, की येथे नुसत्या पैशाने काही होत नाही. पेरिशर कोशियुस्को राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. जमीन उद्यानाची, क्लबांना ती भाडेपट्ट्याने मिळालेली, आणि खाटा किती असाव्यात यावरही सरकारची मर्यादा. त्यामुळे चार मित्रांनी वर्गणी काढून नवे लॉज बांधावे, हा खास मराठी मार्ग बंद आहे. जी लॉजे उभी आहेत त्यांतली कितीतरी 1950 आणि 1960 च्या दशकांत सभासदांनी सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतःच्या हातांनी बांधली. स्नोई पर्वतातील जलविद्युत प्रकल्पाचे काम 1949 ते 1974 या काळात चालले. त्यावर तीसहून अधिक देशांतले एक लाखाहून जास्त लोक राबले, आणि त्यांच्यापैकी युरोपातून आलेल्या अनेकांना बर्फावर घसरण्याची सवय लहानपणापासून होती. त्या पिढीतली काही मंडळी अजून लॉजवर येतात. जिन्यावरून उतरताना ती कठड्यावर हात फिरवतात, तेव्हा आपण थांबून ‘हा आपण बसवलात का?’ असे विचारावे. पुढची चाळीस मिनिटे आपली नसतात. पण सभासदत्वाचा पाया येथेच पडतो.

इतिहासाची थोडी तयारी करून जावे. येथून उत्तरेला कियांड्रा नावाचे सोन्याच्या खाणींचे गाव होते. तेथे 1861 च्या हिवाळ्यात नॉर्वेतून आलेल्या खाणकामगारांनी पायाला फळ्या बांधल्या, आणि त्याच वर्षाचा हवाला देऊन जगातला सर्वांत जुना स्की क्लब कियांड्राचा, असे येथील लोक सांगतात. नॉर्वेतही त्याच वर्षीचा एक क्लब आहे आणि तेथील लोकांचे मत वेगळे आहे. मानाच्या गणपतींचा क्रम ज्याने लहानपणापासून ऐकला आहे, त्याला या वादात कोणाची बाजू घ्यावी हे सांगण्याची गरज नाही: ज्याच्या घरी जेवतो आहोत त्याची. कोशियुस्को या नावाचा उच्चारही स्थानिकांसारखा करावा. 1840 मध्ये स्ट्रझेलेत्स्की नावाच्या पोलिश संशोधकाने आपल्या देशाच्या वीराचे नाव या 2,228 मीटर उंचीच्या शिखराला दिले, आणि तेव्हापासून ऑस्ट्रेलियन माणसे त्या नावाचे जे करीत आली आहेत ते ऐकले, म्हणजे कचेरीत आपल्या आडनावाचे जे होते त्याबद्दलचा राग बराचसा निवळतो.

आता अर्जाविषयी. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, आणि दोघांनीही आपल्याला लॉजवर राहताना पाहिलेले असावे, अशी अपेक्षा असते. लॉजवर राहण्यासाठी सभासदाची ओळख लागते आणि सभासदाची ओळख होण्यासाठी लॉजवर राहावे लागते. ही अडचण सहकारी गृहनिर्माण संस्थेत वाढलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. ना हरकत दाखल्यासाठी दुसरा ना हरकत दाखला आणण्याचा त्याचा अभ्यास येथे कामी येतो. आपण पाहुणे म्हणून दोन-तीन हिवाळे जावे, पाहुण्यांचा चढा दर आनंदाने भरावा आणि भांडी घासण्यात पुढे असावे. स्की किती चांगले करता, हे कोणीही विचारीत नाही. आमच्या अर्जावर समितीत चर्चा झाली तेव्हा माझ्या बाजूने बोलणाऱ्या गृहस्थांनी मी ओव्हनचा ट्रे मागच्या बाजूनेही घासतो, एवढा एकच मुद्दा मांडला आणि तो पुरेसा ठरला. माझ्या दोन पदव्यांचा उल्लेख अर्जात होता, असे स्मरते.

सभासद झाल्यानंतरचा पहिला सोहळा म्हणजे श्रमदान. त्याला येथे ‘वर्किंग बी’ म्हणतात. बर्फ पडण्याआधी, शरद ऋतूत, एका शनिवार-रविवारी सर्वांनी सहा तास गाडी चालवून वर जायचे आणि लाकडे फोडायची, गटारे उपसायची, गाद्या उन्हात घालायच्या, खिडक्यांना रंग द्यायचा. न येणाऱ्याला दंड असतो. परंतु दंड भरणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते, तिच्यापेक्षा लाकडे परवडतात. सिडनीतल्या स्वतःच्या घराचे पन्हाळे साफ करायला माणूस बोलावणारा संगणक अभियंता येथे छपरावर चढून अनोळखी माणसांच्या पन्हाळ्यातला पाला काढतो, आणि खाली उतरून त्याचे छायाचित्र पाठवतो. आपण ते छायाचित्र कुटुंबाच्या गटावर पाठवू नये. ‘तिकडे जाऊन हेच करायचे होते तर…’ या वाक्याचा उत्तरार्ध आपल्याला ठाऊक आहे.

श्रमदानाचे फळ म्हणून आरक्षणाचा हक्क मिळतो. जुलैतल्या शाळेच्या सुट्टीचे दोन आठवडे सर्वांनाच हवे असल्यामुळे त्यांच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि त्या अत्यंत निःपक्षपातीपणे जुन्या सभासदांना लागतात. नव्या सभासदाच्या वाट्याला जूनमधला आरंभीचा जोडसुट्टीचा आठवडा येतो. हंगाम त्या दिवशी सुरू होतो हे खरे; बर्फ त्या दिवशी सुरू होतोच असे नाही. मंडपात मूर्ती येण्यापूर्वी उद्घाटक येऊन जातो, त्यातलाच हा प्रकार. जवळच्या स्पेन्सर्स क्रीक या ठिकाणी 1954 पासून बर्फाची खोली मोजली जाते; 1981 मध्ये ती 361 सेंटिमीटरपर्यंत गेली होती, तर 2006 च्या संपूर्ण हंगामात 85 च्या आसपास अडकली. हे दोन्ही आकडे पाठ असावेत. पाऊस पडत असताना खिडकीशी बसून 1981 विषयी बोलणे, हा लॉजवरचा मुख्य हिवाळी खेळ आहे.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक सभासद गाडी खाली बुलक्स फ्लॅटला ठेवतात आणि 1987 पासून चालू असलेल्या स्कीट्यूब या दातेरी रुळांच्या आगगाडीने वर जातात. वाट बरीचशी बोगद्यातून असल्यामुळे निसर्गसौंदर्य दिसत नाही. त्याऐवजी समोरच्या कुटुंबाने किती खोकी आणली आहेत ते दिसते. आठवड्याचे सगळे अन्न आपणच न्यायचे असते. तांदूळ, डाळ, कांदे, कुकर आणि तीन माणसांच्या स्की घेऊन बर्फातून लॉजपर्यंत पोहोचलेल्या माणसाला पुढे डोंगरावरून घसरण्यात विशेष थरार उरत नाही.

आत शिरताच बूट काढावेत. यात आपल्याला शिकण्यासारखे काही नाही, आणि ही एकच गोष्ट आहे जी आपण इतरांना शिकवू शकता. तरी शिकवू नये. ओले कपडे ज्या खोलीत वाळत घालतात तिला ‘ड्राइंग रूम’ म्हणतात. माझ्या सासूबाई एकदा आल्या होत्या. त्यांना कोणीतरी ‘ड्राइंग रूममध्ये ठेवा’ म्हणाले, म्हणून त्या चिवड्याचा डबा घेऊन आत गेल्या आणि वीस माणसांच्या मोज्यांच्या वासात दिवाणखाना शोधत राहिल्या. त्या डब्यातला चिवडा नंतर कोणी खाल्ला नाही.

स्वयंपाकघर हे लॉजचे खरे शिखर. फ्रिजमध्ये प्रत्येक खोलीला एक कप्पा असतो आणि त्याची सीमा नियंत्रणरेषेइतकीच पवित्र असते. दुसऱ्याच्या कप्प्यातले दूध चुकून वापरल्यास उघड कोणी काही बोलत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘दुधाबाबत’ असा विषय निघतो. संध्याकाळी सहा वाजता चार कुटुंबे दोन शेगड्यांभोवती उभी असतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याला ‘आधी आपण’ म्हणत जागा अडवून धरतो. अशा वेळी पहिल्याच दिवशी हिंग-मोहरीची फोडणी करण्याचा मोह आवरावा. मी तो आवरला नाही. धुराची घंटा वाजली आणि नियमाप्रमाणे सगळे लॉज बर्फात, उणे चार अंशांत, मोज्यांवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्याशी कोणी बोलेल अशी आशा नव्हती. परंतु कठडा बसवणारे ते आजोबा रिकामी वाटी घेऊन आले आणि कालच्या त्या पदार्थातले काही उरले आहे का, असे त्यांनी हळूच विचारले. आमटी द्यावी. समितीत त्यांना मत असते.

भिंतीवर कामांचा तक्ता असतो: कोणी केर काढायचा, कोणी पायऱ्यांवरचा बर्फ ओढायचा, कोणी शौचालय धुवायचे. नव्या सभासदाच्या नावापुढे शौचालय येणे हा योगायोग असून तो पहिली पाच वर्षे सातत्याने घडतो. पुण्यात कामवाल्या बाईंनी दोन दिवस दांडी मारली की ज्या घरात शोककळा पसरते, त्याच घरातला मुलगा येथे सकाळी साडेसातला, वर्गणी भरून, चिठ्ठीत नाव यावे म्हणून मार्चपासून श्वास रोखून, हातात मोजे घालून कमोडसमोर गुडघे टेकतो. त्याच वेळी खिडकीबाहेर ताज्या बर्फावरून पहिली लिफ्ट सुटत असते. लिफ्टच्या दिवसभराच्या तिकिटाला दोनशे डॉलरच्या पुढे पडतात. तेव्हा फरशी जितकी लवकर वाळेल तितका दर तासाचा खर्च कमी, एवढा हिशेब करून आपण हात चालवावा.

असे आठ-दहा हिवाळे गेले, की मंडळाच्या गणेशोत्सवात, महाप्रसादाच्या रांगेत, एखादा नवा तरुण आपल्याला गाठेल. तुमचे ते डोंगरावरचे लॉज फार छान आहे असे ऐकले, आम्हालाही सभासद व्हायचे आहे, किती पैसे भरावे लागतात, असे तो विचारील. त्याला लगेच काही सांगू नये. त्याचे जेवण होऊ द्यावे, आणि खरकटे ताट तो नेमके कोठे नेऊन ठेवतो ते लांबून पाहावे.