कापलेली ओळ ठेवायची कुठे?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या माझ्या घरापासून अ‍ॅस्टोरियाचा जुना स्टुडिओ जवळ आहे. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांचा ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’ हा विनोदपट १९३० साली तिथे चित्रित झाला. त्यातलं कॅप्टन स्पॉल्डिंगच्या स्वागताचं गाणं कित्येक वर्षं एका ओळीनं लंगडं होतं. यजमानीणबाई कॅप्टनची थोरवी गाते आणि कॅप्टन झालेला ग्राउचो मार्क्स मध्येच म्हणतो, हिला पटवून बघावं. पडद्यावर काय चालेल ते ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडक झाली. १९३६ मध्ये चित्रपट पुन्हा लागला, तो ही ओळ गाळूनच. पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे अखंड प्रत निघाली, आणि तिच्यावरून २०१६ मध्ये पूर्ण चित्रपट ब्लू-रेवर आला.

मला खरी चीड येते ती शेजारच्या ओळीची. सगळा मुलूख पालथा घालणारा हा एकमेव गोरा माणूस, असं बाई कौतुकानं गाते. कॅप्टन येतो तोही आफ्रिकी माणसांनी वाहिलेल्या पालखीतून. त्याला कात्री लागली नाही! चावटपणा खटकला, गोरेपणाचा ताठा मात्र कुणालाच खटकला नाही. दोन्ही ओळी एकत्र ऐकल्या तेव्हाच हे लक्षात आलं.

म्हणून २०२५ मध्ये ‘फुले’ चित्रपटावरून तिकडे भारतात वाद पेटला, तेव्हा स्वस्थ बसवेना. सेन्सॉरनं ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला सांगितले. प्रदर्शन ११ एप्रिलवरून २५ एप्रिलवर गेलं. फोनवर दादा म्हणाला, “दोन शब्द गेले म्हणून काय बिघडलं?” बिघडतं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईनं १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात निबंध लिहिला, तो मांग-महारांच्या दुःखाविषयीच. चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलीनं जे शब्द निर्भयपणे छापायला दिले, ते आज पडद्यावर उच्चारायची भीती कुणाला वाटते?

अमेरिकेचं मला कौतुक सांगायचं नाही. इथेही ओळ गेलीच होती. परदेशात एक प्रत टिकली म्हणून ती परत मिळाली. आपण असं दैवावर का सोडावं? प्रौढांसाठी प्रमाणपत्र द्या, इशारा द्या, पण कात्री लावायचीच असेल तर आधी अखंड प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करणं सक्तीचं करा. आणि दुसरी प्रत दुसऱ्या शहरात ठेवा, कारण २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुनी, चटकन पेट घेणारी नायट्रेट रिळं जळाली. अभ्यासकांना त्या प्रती मागून पाहता आल्या पाहिजेत, काय काय कापलं त्याच्या यादीसकट.