शस्त्रसाठा म्हणे!

तो फोटो तुम्हीही पेपरात कैकदा पाहिला असेल. टेबल, त्यावर चादर, चादरीवर ओळीने मांडलेली हत्यारं, मागे छाती काढून उभे सात-आठ पोलीस आणि मधोमध तोंडावर काळा बुरखा घातलेला आरोपी. खाली ठरलेला मथळा: घातक शस्त्रांचा साठा जप्त. आमच्या गावच्या फोटोत त्या बुरख्याच्या आत माझे आप्पा होते. निवृत्त चित्रकला शिक्षक, सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले. फोटोग्राफर यायचा होता म्हणून त्यांना तसंच ताटकळत उभं ठेवलं.

आणि साठा कसला? दोन तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या बंदुका, एक ठासणीची, काही तलवारी, कट्यारी, एक बिचवा आणि एक दांडपट्टा. पन्नास वर्षांत मोडीवाल्यांकडून, पडक्या वाड्यांतून, कुणाच्या माळ्यावरून गोळा केलेलं. एका तोड्याच्या बंदुकीला चापच नाही. दुसरीच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, इतका गंज बसलाय की टाचणीसुद्धा जात नाही. ती उडवायची म्हटली तर आधी लोहार लागेल, मग उडवायला तयार होणारा वेडा लागेल आणि त्यानंतर सर्जन लागेल.

हत्यार कायदा 1959 चा आहे. त्याचं कलम 45 तपासी अधिकाऱ्यांनी कधी उघडून पाहिलंय का, हा माझा साधा प्रश्न आहे. जुनाट बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ते बाळगण्याला हा कायदा लागू नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. आता दुरुस्त होईल की नाही हे ठरवणार कोण? प्रयोगशाळेतला तज्ज्ञ. कधी? जप्ती झाली, अटक झाली, पेपरात फोटो आला, सुनेच्या माहेरचे फोन येऊन गेले, की मग सावकाश. गंमत अशी की बंदुकीच्या गुन्ह्यात खटला भरायला कलम 39 प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ती फाइल अजून फिरतेच आहे. माणसाला आत टाकायला मात्र एक संध्याकाळ पुरली. आणि कलम 3, 25 म्हणजे आता थट्टा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच.

पण माझं डोकं खरं फिरलं ते बातमीतल्या एका ओळीने. 'गोपनीय बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीनुसार.' अहो, कसला बातमीदार? माहिती आप्पांनी स्वतः दिली होती! लेखी! 2019 च्या त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. आप्पांकडे शेतीसाठी आजोबांपासून चालत आलेली बारा बोअरची बंदूक आहे. परवाना आहे, युनिक नंबर आहे, नूतनीकरण एकदाही चुकलेलं नाही. म्हणून या गृहस्थाने सरळ मनाने अर्ज केला: माझ्याकडे अमुक अमुक जुन्या वस्तू आहेत, त्यांना कलम 45 लागू होतं का, नोंद करायची असल्यास कुठे करावी, कळवावे. सोबत यादी. त्यातल्या प्रत्येक वस्तूचं पेन्सिलने काढलेलं चित्रसुद्धा, मास्तर ते मास्तरच. त्या अर्जाची आवक शिक्का मारलेली प्रत माझ्या कपाटात आहे. उत्तर आलं नाही. आली ती जीप. हवालदार ओळखीचेच, खालमानेने म्हणाले, "गुरुजी, वरनं आदेश हाय ओ, आमी काय करणार?" आणि पंचनाम्यातला हत्यारांचा क्रम हुबेहूब आप्पांच्या यादीसारखा!

नोंदणी नको असं मी म्हणत नाही. बंदूक ही पानाच्या टपरीवर मिळावी अशी चीज नाही, नोंद हवीच, कडक हवी. पण इथे नोंद कुणाला भोवते? ज्याने ती केली त्याला. निवडणूक आली की ठाण्यातून पहिला फोन आप्पांना: बंदूक जमा करा. सरसकट सगळ्यांची जमा करू नका, ज्याच्याबद्दल तसं कारण आहे त्याचीच करा, म्हणून छाननी समित्या आहेत. उच्च न्यायालयानेही हे बजावून झालंय. समितीने आप्पांची काय छाननी केली देव जाणे. 2024 ला लोकसभेला जमा, त्याच वर्षी विधानसभेला पुन्हा जमा. ऐन नोव्हेंबरात रानडुकरं भुईमुगात आणि उसात नाचत होती, आणि आप्पा बांधावर पत्र्याचा डबा वाजवत बसले होते.

आणि ज्यांची नोंद नाही ते? मध्य प्रदेशातलं उमर्टी, आपल्या जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला लागून. तिथले गावठी कट्टे पुण्यापर्यंत येतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पोलीस छापे घालतात, भट्ट्या तोडतात, थोड्या दिवसांनी पुन्हा कट्टा सापडल्याची बातमी येते. आमच्याच तालुक्यात एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस भर चौकात तलवारीने केक कापून झाला, त्याचा रील अजून फिरतोय. त्याच्यावरही गुन्हा नोंदवला, नाही असं नाही. पण त्याला टेबलामागे बुरखा घालून उभं केलेलं मी तरी पाहिलं नाही. उलट फ्लेक्स लागला. ठाण्याच्या समोरच.

जप्त मालात दांडपट्टा होता म्हणालो ना? 2024 च्या शिवजयंतीला सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. राज्यशस्त्र! त्याच वर्षी जुलैत लंडनहून वाघनखं आणून साताऱ्यात मांडली, सोहळा केला, भाषणं ठोकली. ती महाराजांनी वापरलेलीच का, यावर तर संग्रहालयवाले स्वतःच हात राखून बोलतात. असो, आणली ते चांगलंच केलं, मीही रांगेत उभा राहून पाहून आलो. पण हाच वारसा एखाद्या शिक्षकाने पगारातून पैसे वाचवून, खोबरेल तेल लावून जपला की ते 'घातक शस्त्र' होतं आणि कापडात गुंडाळून, लाखेचं सील ठोकून मुद्देमाल खोलीत जातं. पावसाळा गेला त्याच्यावरून. तेल कोण लावणार तिथे? सुपूर्दनाम्यासाठी, म्हणजे खटला संपेपर्यंत माल आमच्या ताब्यात द्या म्हणून, अर्ज केला तर म्हणे तज्ज्ञाचा अहवाल येऊ द्या.

जाताना त्यांनी ती परवान्याची बारा बोअरसुद्धा उचलली. का, तर 'तपासकामी'. आता तिच्या परवान्याची मुदत संपत आलीये म्हणून मी नूतनीकरणाचे कागद घेऊन गेलो. चलन भरलेलं, फोटो जोडलेले, सगळं जागच्या जागी. टेबलावरच्या साहेबांनी फाइल चाळली, पुन्हा चाळली आणि म्हणाले, "पडताळणी राहिली की. शस्त्र घेऊन या, त्याशिवाय पुढे जात नाही."

अहो साहेब, कुठून आणू? तुमच्याच पाठीमागच्या खोलीत आहे ते!