वायनरीला जाताना केळी सोबत नेऊ नका

जळगावात राहून तुम्ही अजून वायनरी पाहिली नसेल, तर निदान चारचौघांत बोलू नका. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने लाकडी पिंपाला रेलून काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्याच रात्री तुमची पत गेली. ती परत मिळवायची तर नाशिक गाठावं लागतं. अंतर फार नाही. जायला अडीचशे किलोमीटर, यायला अडीचशे आणि मधे सहा घोट.

आधी जायचं कधी ते ठरवा. वाइनची द्राक्षं तोडणीला येतात साधारण जानेवारी ते मार्च. तेव्हा वेलींना घड लोंबत असतात, ट्रॅक्टरमधून क्रेट उतरत असतात, टाक्यांत रस फसफसत असतो, थोडक्यात बघण्यासारखं काहीतरी असतं. म्हणून तेव्हा जायचं नाही. मुलांच्या परीक्षा असतात. आपण जायचं मे महिन्यात. एप्रिल छाटणी उरकलेली असते, कोवळे फुटवे सोडले तर वेलींवर काही नसतं, आणि मळा म्हणजे खांब, तारा आणि ठिबकच्या नळ्या. ठिबकच्या नळ्या आपण पाळण्यात असल्यापासून बघतोय, जळगावकराला त्यांचं काय कौतुक, असं म्हणाल. पण इथे त्या नळ्यांशेजारी उभं राहून टोपी घालायची असते.

निघायची वेळ पहाटे चारची ठरवा, म्हणजे साडेसातला निघाल. मधले साडेतीन तास दशम्यांचे. जेवण वायनरीतल्या हॉटेलात करायचं हे आठ दिवस आधी ठरलेलं असतं, तरीही पंचवीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याचा डबा गाडीत चढतोच. ‘रस्त्यात काही मिळालं नाही तर?’ असं आई विचारते. रस्ता म्हणजे धुळ्यापुढे मुंबई-आग्रा महामार्ग, जिथे ढाब्यांच्या मधे चुकून एखादं शेत लागतं. पण आईशी वाद घालू नका. त्या दशम्याच पुढे तुमची अब्रू वाचवणार आहेत.

रेल्वेने मात्र जाऊ नका. जळगावहून मनमाडमार्गे नाशिकरोडला गाडी सरळ जाते, तीन-साडेतीन तासांत पोचवते आणि येताना कोणालाच गाडी चालवावी लागत नाही. इतकं सोयीचं असलं की सहलीला सहल म्हणवत नाही.

वाटेत काही पाहू नका, आणि घराजवळचं तर मुळीच नाही. एरंडोलला पद्मालयाची पाटी दिसेल. एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती आहेत, बाहेर कमळांचं तळं आहे. गाडीतूनच हात जोडा. चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. शिकवायला! म्हणजे क्लासच की. सुट्टीत पोरांना क्लासला कोण नेतं?

अजिंठ्याचं तर नावही काढू नका. लेणी संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी आम्ही ती आमचीच धरतो, आणि आपल्या घरची वस्तू कोणी बघायला जात नाही. जळगावहून साठेक किलोमीटर. कोणी फारच मागे लागलं तर सोमवारी न्या; सोमवारी ती बंद असतात. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात छताकडे मान वर करून पाहिलं, तर परदेशी पोशाखातला एक दाढीवाला गृहस्थ पेला हातात धरून ऐसपैस बसलेला दिसतो, आणि भोवती वाढणारी मंडळी. दीड हजार वर्षं तो तसाच बसलाय. पेल्यात काय आहे हे चित्रकाराने लिहिलेलं नाही, पण चेहऱ्यावरून ते तापीचं पाणी नसावं. एवढी जुनी टेस्टिंग रूम घरापासून तासा-दीड तासावर असताना आपण नाशिकला जातो, कारण अजिंठ्याच्या भिंतीला रेलून फोटो काढू देत नाहीत.

आता गाडीचा प्रश्न. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यामुळे घरातला माळकरी शोधा. मुक्ताईची पालखी ज्या भागातून निघते तिथे तो प्रत्येक घरात सापडतो. त्याला ‘वायनरी’ सांगायचं नाही. ‘निवृत्तिनाथांच्या दर्शनाला त्र्यंबकेश्वरला जातोय, मुक्ताईच्या थोरल्या भावाला भेटायला,’ असं सांगायचं. आमच्या मेव्हण्याला आम्ही असंच नेलं. गंगापूरकडे वळल्यावर त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि वायनरीच्या पार्किंगमध्ये काच खाली करून हरिपाठ सुरू केला. तो आमच्याशी बोलला थेट आषाढीनंतर.

वायनरी कुठली ते सांगत नाही. नाशिकला आता त्यांची काही कमी नाही. २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली, २००१ मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आणि बघता बघता मळ्याच्या बांधावर गॉगल लावलेली माणसं उगवली. तिकीट काढलं की वयाची चौकशी होते. कायद्याने वाइनला २१ वर्षं पुरी लागतात. आमच्यात सर्वांत थोरले आप्पाच होते, चौसष्ट वर्षांचे.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका, चोपडा तालुक्यातले केळीवाले. ते कशाला आले, हे त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीत एक जागा रिकामी होती.

आधी कारखाना दाखवतात. इथे मान डोलावत राहायचं. लाल वाइनचा रंग सालीचा असतो, रस सालींसकट आंबवतात; पांढरीत साली आधीच काढून टाकतात; यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं. हे कळण्यासारखं असतं, म्हणून कळल्यासारखं दाखवू नका. स्टीलच्या टाकीसमोर ‘किती लिटर?’ आणि ओकच्या पिंपासमोर ‘फ्रान्सचं का?’ एवढे दोन प्रश्न विचारले की तुमची गणना जाणकारांत होते. आप्पांनी तिसरा विचारला: ‘चोथ्याचं काय करता?’ तो शेतकऱ्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर सगळ्यांत लांब होतं आणि ते फक्त आप्पांनीच ऐकलं.

मग चव. टेबलावर सहा पेले, प्रत्येकात तळाशी एवढीशी वाइन. आपल्याकडे औषधही याहून मोठ्या मापाने देतात. पेला देठाला धरायचा, उजेडाकडे तिरपा करायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट घेऊन तोंडात खेळवायचा. शेजारी एक भांडं असतं. खरे जाणकार घोट त्यात थुंकतात. थुंकण्यात आपला जिल्हा कोणाला हार जाणार नाही, भिंती साक्ष आहेत. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू थुंकणारा खान्देशी मी अजून पाहिलेला नाही. आमचं भांडं कोरडं परत गेलं.

खरी परीक्षा वासाची. समजावणारी मुलगी विचारते, ‘काय जाणवतंय?’ ‘द्राक्षं’ असं उत्तर चुकूनही देऊ नका. द्राक्षांच्या दारूला द्राक्षांचा वास येतो म्हणणं म्हणजे पंगतीत वरणभाताला वरणभात म्हणणं. सोव्हिन्यॉन ब्लां आली की ‘ढोबळी मिरची’ म्हणा. थाप नाही ही. पायराझिन नावाची जी द्रव्यं ढोबळी मिरचीत असतात, तीच या द्राक्षातही असतात. शिराझ आली की ‘काळी मिरी’ म्हणा. मिरीतलं रोटंडोन त्यातही सापडतं. नंदुरबारच्या मिरची बाजारातून नुसतं चालत गेलं तर ठसक्याने डोळे भरून येतात, आणि फुकटात. पण तिथे देठाचा पेला मिळत नाही.

आमची पाळी आली शेनिन ब्लांला. मी ‘पेअर’ म्हणालो, बायको ‘मध’ म्हणाली. पेअर मी आयुष्यात दोनदा खाल्लंय. आप्पांनी पेला दोन्ही हातांनी धरला, चहाचा पेला धरतात तसा, नाक घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग ते मागे वळून मला म्हणाले, ‘हाऊ ते केयीना वास शे रे भो!’

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. अडीचशे किलोमीटर यायचं, पैसे भरायचे आणि केळीचं नाव घ्यायचं! पण मुलीचा चेहरा उजळला. ‘अगदी बरोबर!’ ती म्हणाली. यीस्ट रस आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचा पदार्थ करतं, पिकल्या केळीचा वासही त्याचाच, आणि थंड तापमानाला आंबवलेल्या पांढऱ्या वाइनमध्ये तो टिकतो. शेजारच्या टेबलावरच्या मुंबईकरांनी आप्पांकडे वळून पाहिलं. एकाने तर ‘वॉव, व्हॉट अ नोज’ म्हटलं. आप्पांनी रुमालाने नाक पुसलं.

पुढे लाल वाइनने जीभ खरखरीत झाली. मुलीने टॅनिन सांगितलं. ‘कच्चं केळं चावलं की हेच होतं,’ आप्पा म्हणाले, आणि तेही बरोबर निघालं; त्यातही टॅनिनच. मग त्यांनी बाटलीची किंमत विचारली आणि गप्प झाले. ओठ हलत होते. त्या आठवड्यात व्यापाऱ्याने क्विंटलला दिलेला भाव आणि समोरची पाऊण लिटरची बाटली, असा तो हिशोब होता. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही मिळालं. त्याचा कागद कार्यालयांतून फ्रेम करून लावतात. केळीचा नुसता वास मात्र बाटलीत भरला की त्याचा भाव व्यापारी पाडत नाही. हे आप्पा बोलले नाहीत, मी लिहितोय. ते फक्त म्हणाले, ‘घड किती व्हतीन?’

इथे एक सावधगिरी. कोणी मोहाची आठवण काढली तर विषय बदला. सातपुड्यात चैत्राच्या सुमाराला पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात, बायापोरं ती वेचतात, वाळवतात, भिजवून आंबवतात आणि मग मडक्यावर मडकं ठेवून धार काढतात. पावरा आणि भिल्ल घरांत ती आधी देवाला, मग माणसाला. तिला आपण हातभट्टी म्हणतो, आणि फोटो निघतो तो छाप्याचा, पेपरात. वाइनची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात ती विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असं मोठ्या माणसांनीच राज्याला समजावलं. शेतकऱ्याचं भलं होणार होतं. मोह वेचणारीचं भलं कशात आहे यावर तेव्हा चर्चा झाल्याचं मला तरी आठवत नाही. पण मघाशी विषय बदला म्हणून मीच सांगितलं.

जेवण. मेनूकार्डावर उजवीकडचे आकडे आधी वाचा, मग डावीकडचे पदार्थ आपोआप नावडते होतात. एक चीजची फळी मागवा. फळी मोठी असते, चीज चार तुकडे. त्याचा फोटो झाला की सगळ्यांनी एकेक करून पार्किंगमध्ये जायचं. तिथे डिकी उघडून, मेव्हण्याकडे पाठ करून, उभ्याउभ्या दशमी आणि ठेचा. शिराझनंतर ठेचा फार लागतो. ही जोडी मेनूकार्डावर नव्हती.

परतीला चांदवडच्या घाटात सगळे झोपतात, माळकरी सोडून. त्याला जागं ठेवायला पुढे कोणीतरी बसायचं असतं, पण तो बोलत नसल्यामुळे तेही झोपतात. घरी रात्री साडेबारा.

एक बाटली आणायचीच. ती शोकेसमध्ये, लग्नात आलेला काचेचा ताजमहाल आणि पोराची ट्रॉफी यांच्या मधे, लेबल पुढे करून ठेवा. कॉर्कची बाटली आडवी ठेवतात, नाहीतर बूच वाळतं. पण आडवी ठेवली तर लेबल दिसणार कसं? आमच्या बाटलीने तिथे दोन उन्हाळे काढले, पंचेचाळीस अंशांचे. उघडली तेव्हा आजीने लांबूनच विचारलं, ‘रस आंबी गया का रे भाऊ?’ या वेळी तज्ज्ञ ती होती. वाइन मोरीत गेली.

बाटली मात्र आप्पांनी मागून चोपड्याला नेली. धुऊन, पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवली. आता त्यांच्याकडे गेलं की ते त्यातून पाणी देतात, पण लगेच नाही. स्टीलचा पेला खिडकीशी नेतात, तिरपा करतात, गोल फिरवतात, नाक आत घालतात आणि डोळे मिटून सांगतात, ‘तुरटी. मांगे जरासा गाळ.’

मग पेला तुमच्या हातात देतात.