एमएमए, राष्ट्रीय खेळ आणि भाच्याचा रेनकोट

परवा भर दुपारी अडीचला भाचा रंकाळ्याच्या कडेनं पळताना दिसला. वर रणरणतं ऊन, अंगात प्लास्टिकचा रेनकोट, त्यावर स्वेटर, डोक्याला कानटोपी. ओठ पांढरे पडलेले. गाडी थांबवून विचारलं तर म्हणतो, "मामा, पाच किलो उतरवायचंय, रविवारी वजन हाय." हे शिकवलं कुणी? वस्तादांनी नाही. त्यानं मोबाइल पुढं केला.

तोच तो मेसेज. आमच्या तालमीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या आला, ताईच्या भिशीच्या ग्रुपवरही आला. "अभिमानाची बातमी! एमएमए आता भारताचा राष्ट्रीय खेळ!" (एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स: ठोसे, लाथा, कुस्ती, गळफास, सगळं एकाच लढतीत.) खाली सहा मुद्दे आणि शेवटी "खऱ्या मर्दांपर्यंत पोहोचवा". इतके दिवस मी हसून सोडून देत होतो. रेनकोट बघितल्यावर हसू गेलं.

सहावा मुद्दा आधी घेतो, कारण त्यानं जीव जाऊ शकतो. "दोन दिवस पाणी बंद, घाम काढा, खालच्या गटात उतरा, समोरचा तुमच्यापुढं पोरगा वाटेल. अमन सेहरावतनं एका रात्रीत ४.६ किलो उतरवलं, तुम्ही का नाही?"

अमननं उतरवलं, खरं आहे. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये कांस्यपदकाच्या कुस्तीआधी साधारण दहा तासांत. पण रात्रभर त्याच्या उशापायथ्याशी प्रशिक्षक जागे होते, वजनाचा काटा शेजारी होता, काय प्यायचं आणि किती, ते ठरलेलं होतं. आणि त्याच आठवड्यात, त्याच गावात विनेश फोगाट रात्रभर तेच करून सकाळी १०० ग्रॅमनं बाद झाली आणि अंगातलं पाणी संपल्यामुळं तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मेसेज लिहिणाऱ्याला अमन आठवतो, विनेश आठवत नाही.

आता खास एमएमएतलंच उदाहरण. यांग जियानबिंग, चीनचा, वय २१. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलाला 'वन चॅम्पियनशिप' या एमएमए संघटनेच्या लढतीआधी वजन उतरवता उतरवता गेला. लढतीत नाही, ठोसा खाऊन नाही. वजन उतरवताना. त्यानंतर त्याच संघटनेनं पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली. आता तिथं काट्यावर उभं राहून भागत नाही, लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे का तेही बघतात. ज्या धंद्यात पोरं रक्तबंबाळ होणं मान्य आहे, त्या धंद्याला जे धोक्याचं वाटलं, ते आमच्या भिशीच्या ग्रुपवर टीप म्हणून फिरतंय.

आणि एक साधी गोष्ट. मोठ्या व्यावसायिक लढतींत वजन बहुधा आदल्या दिवशी होतं, पाणी भरून काढायला रात्र मिळते. हौशी स्पर्धांत बहुतेकदा त्याच दिवशी सकाळी काटा आणि नंतर लढत. म्हणजे सुकलेल्या अंगानं डोक्यावर ठोसे खायचे. भाच्याचं वजन ६६. त्याला ६१ मध्ये उतरायचंय. का? तर समोरचा पोरगा वाटेल म्हणून! अरे, तोही कुठून तरी सुकूनच येणार ना?

बाकीचं भरभर उरकतो.

"राष्ट्रीय खेळ." भारताला असा जाहीर केलेला राष्ट्रीय खेळच नाही. हॉकीही नाही. २०१२ मध्ये एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा क्रीडा मंत्रालयानंच हे लिहून दिलं. पुढं आपल्या धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं, त्यांनाही तेच उत्तर. जी खुर्चीच नाही, तिच्यावर एमएमएला बसवलं कुणी?

"ऑलिंपिकमध्ये घेतलं." नाही घेतलं. लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा निर्णय झाला तोही मुंबईत. इथं मात्र अर्धं सत्य नाइलाजानं मान्य करतो: २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेत एमएमएला पहिल्यांदा पदकाच्या खेळांत जागा दिली गेली. पूजा तोमरनं २०२४ मध्ये यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या लढती भरवणाऱ्या मोठ्या अमेरिकन कंपनीत, लढत जिंकली, असं करणारी ती पहिली भारतीय महिला. खेळ वाढतोय, त्यात वाद नाही. पण वाढतोय म्हणजे राष्ट्रीय झाला असं नव्हे.

"नियम नसलेला मर्दानी खेळ." १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हासुद्धा चावायला आणि डोळ्यांत बोटं घालायला बंदी होती. आता तर पाच मिनिटांच्या फेऱ्या, पंच, डॉक्टर आणि निषिद्ध प्रकारांची लांबलचक यादी आहे. "मूळ आपलंच, वज्रमुष्टी" वगैरेवर मी शाई घालवणार नाही. वज्रमुष्टी, म्हणजे बोटांत टोकदार मूठ घालून खेळायची कुस्ती, होती, म्हैसूरच्या दसऱ्यात दिसते. आजचा एमएमए ब्राझीलच्या वाटेनं आला.

राहिला "पैलवानांनो, तालीम सोडा, तुम्ही जन्मजात चॅम्पियन" हा मुद्दा. पट काढणारा, म्हणजे वाकून समोरच्याचे पाय धरून पाडणारा पोरगा तिथं अर्धी लढाई शिकून जातो, हे बरोबर. पण आपल्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपली. तिथं पाठीवर पडलेला माणूस खालून पायांचा फास घालतो. आणि पटाला घुसताना मान पुढं गेली की गळा त्याच्या काखेत. २०१७ मध्ये शांघायला महाराष्ट्राचा भारत खंडारे यूएफसीत उतरला, आपल्याकडून तिथं पोचलेला पहिला. पहिल्याच फेरीत सोंग यादोंगनं त्याला असाच गळफास घालून हरवलं. तालमीची वर्षं वाया जात नाहीत, पण तेवढ्यावर भागतही नाही. खुराकाचा खर्च आणि पुढं नोकरीची चिंता यानं तालमीतली पोरं वैतागलीत, हे मला दिसतं. म्हणूनच असले मेसेज चालतात.

भाच्याला गाडीत घातलं. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत दोन ग्लास पाजलं, वस्तादांना फोन लावून दिला. त्यांनी काय सुनावलं ते ऐकू आलं नाही, पोरगं नुसतं "हो, हो" करत होतं. रविवारी ६६ लाच उतरतोय. रेनकोट माझ्या डिकीत आहे, जूनमध्ये देईन परत.