'शांत भ्रंश' म्हणजे मेलेला भ्रंश नव्हे

"पनवेल वलीच्या पट्ट्यात शंभर वर्षांत मोठा भूकंप नाही, म्हणजे ठाणे-नवी मुंबईला धोका नगण्य" हे भूकंपाच्या धोक्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. (पनवेल वली म्हणजे पनवेल परिसरातला, खडकांचे थर वाकलेला पट्टा.) द्वीपकल्पीय भारतात एखादा भ्रंश (खडकातली भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात) हजारो वर्षं गप्प राहून हलू शकतो. आपल्या नोंदी जेमतेम दोन-तीनशे वर्षांच्या. किल्लारी १९९३ मध्ये ६.२ तीव्रतेने हादरलं तेव्हा भूकंपधोक्याच्या सरकारी नकाशावर ते सर्वांत सुरक्षित, झोन १ मध्ये होतं! (२००२ मध्ये तो झोनच रद्द झाला.) म्हणून अशा प्रदेशात एकेका भ्रंशाची कुंडली मांडत न बसता अख्ख्या पट्ट्याला 'पार्श्वभूमी स्रोत' धरतात, म्हणजे भूकंप त्यात कुठेही होऊ शकतो असं मानतात, आणि कमाल तीव्रता जगातल्या अशाच शांत प्रदेशांवरून ठरवतात.

दुसरं, लेखात जमिनीचा उल्लेखच नाही. आयएस १८९३ (२०१६) या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे ठाणे जिल्हा झोन ३ मध्ये, झोनचा गुणांक ०.१६, पण खाडीकाठच्या मऊ चिकणमातीवर १ सेकंद आवर्तकालाच्या (एकदा डोलायला लागणाऱ्या वेळेच्या) इमारतीला खडकापेक्षा ६७ टक्के जास्त बल धरावं लागतं. वाशी-ऐरोलीच्या भरावावर कठीण खडकाचे आकडे वापरले, तर गणित तिथेच फसतं. त्यात तळमजला पार्किंगसाठी मोकळा आणि वर विटांच्या भिंती, म्हणजे हादऱ्यात सगळं वाकणं-सरकणं (विकृती) तळमजल्याच्या खांबांवर. साइटवर पाहायचं ते साधं: खांबाच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगचे हुक १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात गेलेत का, वळणापुढची लांबी किमान ६५ मिमी आहे का. ९० अंशांचा हुक आवरणाचं काँक्रीट निघालं की उघडतो, मग उभ्या सळ्या वाकायला वेळ लागत नाही.