त्या फोटोतलं पोतं बघितलं का कुणी?

आज दुपारी आपल्या ऊसवाल्यांच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. कुठल्यातरी कारखान्याचं यार्ड, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि पहिल्या ट्रॉलीखाली, चाकाला डोकं टेकून झोपलेला ड्रायव्हर. तोंडावर टॉवेल. खाली कुणीतरी लिहिलंय, "मालकाचं डिझेल आणि ह्यांची झोप." त्यावर हसणाऱ्यांची रांग. त्यातले निम्मे इथं माझ्या यादीत आहेत, म्हणून इथंच लिहितोय.

हसण्याआधी त्या फोटोचा कोपरा मोठा करून बघा. ट्रॅक्टरची सीट दिसते. सीट कसली, दोन पोती घडी घालून सुतळीनं बांधलीत. फोम कधीच गेलाय. त्याच ट्रॅक्टरच्या बोनेटवर मात्र नवे लाइट, मडगार्डवर साउंड बॉक्स, समोर रंगीत झालर. म्हणजे पैसे नव्हते असं कुणी सांगू नये.

ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे नसतात. रस्त्याचा दणका खायला दोनच गोष्टी, टायर आणि सीट. टायरमध्ये ओझ्यासाठी हवा टाइट भरलेली, म्हणजे ते जवळजवळ दगडच. उरली सीट. बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला 4 ते 6 वेळा हेलकावे बसले की सगळ्यात जास्त हलतो, आणि ट्रॅक्टर खराब रस्त्यावर नेमका त्याच्याच आसपास हादरतो. चांगली सीट हे हेलकावे खाते. पोतं काही खात नाही, सगळं कमरेला देतं. मग चाळिशीतच माणूस खाली उतरताना वाकडा होतो आणि आपण म्हणतो, "तंबाखूनं वाळलाय."

सीटखाली एक नॉब असतो, बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणं फिरवायचा. गाडी नवी आल्यावर शोरूममध्ये जिथं होता तिथंच तो बहुतेक ट्रॅक्टरवर गंजून बसलेला असतो. 50 किलोच्या पोरासाठी लावलेली सीट 85 किलोच्या गड्याला प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटते. उलट केलं तर पोराला ती फळीसारखी लागते. ड्रायव्हर बसल्यावर सीट तिच्या एकूण हालचालीच्या साधारण निम्म्यापर्यंत दबली पाहिजे. दिवसपाळीला एक, रातपाळीला दुसरा असेल तर दर बदलीला नॉब फिरवा, अर्धा मिनिट लागतं. शॉकअब्झॉर्बर बघायचा असेल तर सीट हातानं दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, तीन-चार वेळा नाचली तर तो गेला. त्यावर तेलाचा ओघळ दिसला तर नाचवून बघायचीही गरज नाही.

क्लच पूर्ण दाबल्यावरसुद्धा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढं घ्या. पाठ टेकलेली हवी, कमरेच्या खोबणीत टॉवेलची गुंडाळी चालते. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढा राव! बारा तास एका कुल्ल्याखाली पाकीट घेऊन बसलं की पायात कळा येतात, मग डॉक्टरकडं जाऊन एक्सरे.

कमरेला दुसरा मार बसतो तो ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणाऱ्या पिनचा. हुकाचं भोक घासून मोठं झालं, पिन झिजली, की दोन ट्रॉल्या प्रत्येक गिअरला मागून धक्का देतात. खेळ वाढला की पिन आणि बुश बदला. पिनला क्लिप घाला. उसाचं कांडं नाही, खिळा नाही, क्लिप. सोबत जाड साखळी. चढावर पिन निसटली तर मागची ट्रॉली कुणाच्या अंगावर जाईल हे कुणी ठरवून ठेवलेलं नसतं.

आता मालकमंडळी म्हणणार, "ड्रायव्हर दारू पितात, त्याचं काय?" पितात काही जण. मान्य. त्याला गाडीवर चढू देऊ नका. पण न पिणाऱ्याला पोत्यावर बसवायची परवानगी त्यातून कुठून आली?

राग त्या झोपेवरच्या ओळीचा आला. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहून ठेवलं होतं. हंगामात आपल्याकडं हिशोब तासांचा नाही, खेपेचा. उसाच्या फडात तोडणीची टोळी ट्रॉल्या भरणार रात्री, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागणार पहाटे, ऊस टाकायच्या गव्हाणीत खाली होणार दुपारी, की लगेच परत फडाकडं. पहाटे 2 ते 5 या वेळात शरीर झोप मागतंच, कितीही तंबाखू मळा. डोळे उघडे असतात, पण पुढचा अर्धा किलोमीटर आठवत नाही. ती गाडी त्या वेळी कुणीच चालवत नसतं. पेठ-सांगली रस्त्यावर ह्या गाड्यांना रात्री ओलांडणारे आपणच आहोत की नाही?

म्हणून तो झोपला ते बरंच केलं. चूक झाली ती जागा निवडण्यात. ट्रॉलीखाली झोपू नये, कधीच. यार्डात नंबर सरकतो, मागचा बोंबलतो, दुसराच कुणी पोरगा टपकन चढून ट्रॅक्टर पुढं घेतो. खाली माणूस आहे हे त्याला कुठून कळणार? झोपायचं असेल तर चावी काढून खिशात, स्टीअरिंगला लाल फडकं, पार्किंग ब्रेक ओढून गिअरमध्ये गाडी, चाकाला दोन्ही बाजूंनी उट्या, म्हणजे अडकण. फोटोत एकाच बाजूला अर्धी वीट आहे. पण सावली ट्रॉलीखालीच आहे, हेही दिसतंय त्या फोटोत. आसपास झाड नाही, शेड नाही. जाणार कुठं बिचारा? वाहनतळावर एक पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी आणि संडास एवढं झालं तरी निम्मी माणसं ट्रॉलीखालून बाहेर येतील. उतरायला लागू नये म्हणून ही पोरं पाणीच पीत नाहीत, मग मुतखडा.

वीस मिनिटांची डुलकी घ्यायची असेल तर आधी चहा प्यावा. चहाचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो, उठताना तो हजर असतो. त्यानं एखादी खेप निभते, रात्र निभत नाही.

ब्रेकचं एकदा सांगूनच टाकतो, कारण हे वर्षानुवर्षं तसंच चाललंय. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, शेतात वळताना एक-एक दाबायला. रस्त्यावर आल्यावर मधली पट्टी लावून दोन्ही एकत्र जोडायचे असतात. पट्टी मोकळी राहिली आणि घाईत एकच पेडल दाबला, तर ट्रॅक्टर जागेवर गिरकी घेतो आणि मागच्या ट्रॉल्या सरळ येऊन त्याला मुडपतात. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक बहुतेक नसतातच, सगळं ओझं ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर. त्यात उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आहेत. वाचतं किती, चहाच्या कपाएवढं? उताराच्या वरच लहान गिअर टाकायचा आणि मध्ये क्लच दाबायचा नाही. ट्रकवाल्यांनो, खंबाटकी घाट उतरताना तुम्हालाही हेच. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर लायनर तापून गुळगुळीत होतात, पेडल दाबला जातो आणि गाडी थांबत नाही.

गाण्यांबद्दल सगळ्यांची तक्रार, माझीही आहे. पण सायलेन्सरच्या मागं आठ-दहा तास बसणाऱ्याला इंजिनापेक्षा मोठा आवाज लावावासा वाटतो. त्यात कान जातात आणि मागचा हॉर्नही ऐकू येत नाही. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात, इंजिनाची घरघर कमी होते, हॉर्न कळतो. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावा, म्हणजे दर मिनिटाला मान मुरगाळून मागं बघायला नको.

वरच्या तारेचंही लिहितो. ऊस उंच रचला की फडाच्या वाटेवर लोंबणाऱ्या तारा लागतात. लागली तर खाली उतरायचं नाही, बसून राहायचं, लोकांना लांब ठेवायचं, वीज बंद करायला फोन. आग लागली तरच उडी, दोन्ही पाय जोडून, आणि उतरताना एक हात ट्रॅक्टरला नि पाय जमिनीला असं अजिबात नको. नंतर पाय न उचलता घासत-घासत लांब जायचं.

2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, बरं झालं. ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर अजून प्लास्टिकचं छत. ते छत ऊन अडवतं, ट्रॅक्टर उलटल्यावर माणूस वाचवत नाही. त्याला पोलादी चौकट लागते, आणि चौकट असेल तरच सीटबेल्ट बांधायचा. चौकट नसताना बेल्ट बांधला तर माणूस ट्रॅक्टरसोबत खालीच अडकतो.

ॲडमिन, फोटो डिलीट करू नका. पोत्यावर लाल गोल काढून परत टाका. आणि हसणाऱ्यांनो, उद्या तुमच्याच ट्रॅक्टरवर तुम्ही बसा, दोन भरलेल्या ट्रॉल्या मागं घेऊन फडापासून काट्यापर्यंत एक खेप. रात्रीची. आल्यावर इथं कमेंटमध्ये सांगा, झोप कुठं लागली ते.